गिटारवरचा षड्ज : अमान्सिओ डिसिल्व्हा

१. बसवलेले की सुचेल तसे?

जॅझ पहिल्यांदा कानावर पडले की बहुतेकांना एकच प्रश्न पडतो : ही मंडळी बसवून आणलेले वाजवतात की मनाला येईल ते? रेणापूरसारख्या गावात सप्ताहातले भजन ज्याने रात्र-रात्र ऐकले आहे, त्याला याचे उत्तर समजायला जड जाऊ नये. भजनात ध्रुपद सगळ्यांचे असते. टाळकरी ते धरून ठेवतात, पखवाज ठेका सोडत नाही आणि गवई एखाद्या चरणावर ताना-आलाप घेत हिंडून पुन्हा ध्रुपदावर येतो. कुठे हिंडायचे ते ठरलेले नसते. परत कुठे यायचे ते मात्र पक्के असते. जॅझची बांधणी अशीच आहे. आधी सगळे मिळून एक चाल वाजवतात, मग एकेक जण तिच्यावर आपले म्हणणे मांडतो आणि शेवटी सगळे पुन्हा चालीवर येतात.

यात हिशेब काटेकोर असतो. चार मात्रांच्या एका खंडाला 'बार' म्हणतात. जुन्या जॅझ चालींचा एक फेरा बऱ्याचदा ३२ बारचा, म्हणजे १२८ मात्रांचा असतो. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली, तर एक फेरा ४८ सेकंदांत संपतो. पाच वादकांनी प्रत्येकी दोन फेरे घेतले आणि आरंभी व शेवटी चालीचा एकेक फेरा धरला, तर बारा फेरे होतात : साडेनऊ मिनिटांच्या वर. लाँगप्ले रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण वीस मिनिटे मावत. म्हणून त्या काळच्या जॅझ तबकड्यांवर एका बाजूला दोन-तीनच रचना असत. आपली पाळी केव्हा सुरू होते, केव्हा संपते आणि मधल्या कोणत्या क्षणी कोणता स्वर 'लागतो' हे प्रत्येक वादक मनात मोजत असतो. सुचेल तसे वाजवणे हे या मोजणीच्या आत राहून होते.

अशी मोजणी गिटारवर करत, त्याच गिटारमधून मुंबई-गोव्याचे सूर काढणारे एक वादक होऊन गेले. अमान्सिओ डिसिल्व्हा हे त्यांचे नाव. १९३६ साली मुंबईत गोवेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि १९९६ साली ते वारले. त्यांच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग लंडनमध्ये, १९६९पासूनच्या मोजक्या वर्षांत झाला. महाराष्ट्रात त्यांचे नाव जॅझचे शौकीन सोडले तर फारसे कुणाला ठाऊक नाही, ही गोष्ट तशी नवलाची आहे.

२. जमीन सरकते तेव्हा

रागसंगीत ऐकणाऱ्याला जॅझमध्ये पहिल्यांदा चुकल्यासारखे वाटते ते षड्जामुळे. आपल्याकडे तंबोरा एकदा सा लावून बसला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. प्रत्येक स्वराची ओळख त्या सा-पासूनच्या अंतरावरून ठरते. जॅझमध्ये तंबोऱ्याची जागा कॉर्ड घेतात. कॉर्ड म्हणजे तीन-चार स्वरांचा एकत्र वाजणारा गुच्छ. हे गुच्छ दर बारला किंवा दोन बारला बदलत जातात आणि ते बदलले की वाजणाऱ्या स्वराचा अर्थही बदलतो.

एक उदाहरण पाहू. पियानोवरचा 'सी' हा स्वर धरून ठेवला. खाली सी-ई-जी हा गुच्छ वाजत असेल, तर सी हाच षड्ज. खालचा गुच्छ एफ-ए-सी झाला की तोच सी एफच्या मानाने पंचम होतो. गुच्छ ए-सी-ई झाला की तो कोमल गंधार. बोट जागचे हलले नाही, तरी स्वराचे नाते तीनदा बदलले. जॅझ वादकाचे निम्मे शिक्षण या नात्यांचा अंदाज आधीच घेण्यात जाते.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस काही जॅझ वादकांना या सततच्या फेरबदलाचा जाच होऊ लागला. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी १९५९ साली 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी केली. तिच्यातल्या पहिल्या रचनेत ३२ बारच्या फेऱ्याला दोनच स्वरमाला आहेत : पहिले १६ बार एक, पुढचे ८ बार तीच अर्ध्या स्वराने वर आणि शेवटचे ८ पुन्हा पहिली. ती स्वरमाला म्हणजे गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. आपल्याकडचा काफी थाट. थाट म्हणजे राग नव्हे. रागाला वादी-संवादी, चलन, पकड, वेळ असा मोठा संसार असतो, तो इथे नाही. पण जमीन बराच वेळ एका जागी राहू लागली आणि तिच्यावर उभे राहून रागाच्या वळणाने बोलणे शक्य झाले. भारतीय कानाच्या जॅझ वादकाला दार उघडले ते इथे.

३. गिटार ऐकू येऊ लागली

ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या गर्दीत साध्या गिटारचा आवाज बुडून जातो. त्यामुळे सुरुवातीच्या जॅझ बँडमध्ये गिटारवाल्याचे काम मागे बसून कॉर्डचा ठेका देण्याचे असे. फ्रान्समध्ये जँगो राइनहार्ट यांनी भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांवर मुख्य भिस्त ठेवून गिटारला पुढे आणले, पण त्यांच्या मंडळात ड्रम आणि तुतारीसारखी वाद्ये नव्हती.

खरा बदल विजेने केला. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे ठेवले की पोलादी तार थरथरताना वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो वाढवून स्पीकरमधून सोडायचा. या जोडणीला पिकअप म्हणतात. मराठवाड्यात वरातीपुढे वाजणारा बँजो म्हणजे मुळात बुलबुल तरंग. त्याला पिकअप लावल्यामुळेच तो ढोलताशात ऐकू येतो. गिब्सन कंपनीने १९३६ साली ईएस-१५० हे पिकअपवाले गिटार बाजारात आणले. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन हा तरुण ते घेऊन बेनी गुडमनच्या मंडळात शिरला आणि सॅक्सोफोनवाल्याच्या बरोबरीने एकल वाजवू लागला. तो १९४२ साली क्षयाने गेला, तेव्हा पंचविशीतच होता. पुढे पिक (तार छेडायची पट्टी) न वापरता नुसत्या अंगठ्याने तारा छेडणारे वेस माँटगोमेरी आले. जॅझ गिटार हे स्वतंत्र घराणे म्हणावे अशा स्थितीला आले ते या दोघांमुळे.

४. गोव्याची शाळा, मुंबईची नोकरी

डिसिल्व्हा ज्या समाजातून आले त्याचा पाश्चात्त्य संगीताशी संबंध क्लबमध्ये जाऊन आलेला नव्हता. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना दो-रे-मी ही स्वरांची बाराखडी, नोटेशन वाचणे आणि व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणाऱ्याला मेस्त्रे म्हणत. प्रार्थनेला वादक हवेत, एवढाच त्यामागचा हेतू. पण त्यातून पिढ्यान् पिढ्या असे लोक तयार झाले, जे समोर ठेवलेला कागद पाहून कोणतेही संगीत वाजवू शकत. ब्रिटिश हिंदुस्थानात लष्कराचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांची थिएटरे, आगबोटी आणि हॉटेले यांना नेमके असेच लोक हवे होते. गोवेकर मुंबईला आले. धोबी तलावाच्या आसपास गावोगावच्या 'कुडी', म्हणजे त्या-त्या गावकऱ्यांची समाईक बिऱ्हाडे, उभी राहिली. खाट आणि पेटी ठेवायला जागा मिळाली की पुढचे काम माणूस शोधी.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी हे आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. या मंडळींत बसून गोवेकर वादक जॅझ शिकले. कागदावरचे वाचणे त्यांना येतच होते. कागद सोडून वाजवणे त्यांनी इथे उचलले. बार्देशातल्या हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवू लागले आणि हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जाऊ लागले.

मराठी वाचकाने हा जॅझ ऐकलेला आहे, फक्त त्याला जॅझ म्हणून ओळखलेले नाही. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी भगवानदादांच्या 'अलबेला'ला (१९५१) संगीत दिले, तेव्हा त्या वाद्यवृंदात चिक चॉकलेट होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा अशा गोवेकरांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाची घडी बसवली. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल, असा त्यांचा रिवाज. १९४९च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या धंद्यावर घाला आला, तेव्हा या वादकांना चित्रपटांनीच तारले. तरी चर्चगेट स्ट्रीटवरच्या, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवरच्या, रेस्टॉरंटांतून पन्नास-साठच्या दशकांत जॅझ वाजत राहिले. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक आणि १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन अमेरिकी सरकारच्या सांस्कृतिक दौऱ्यांवर मुंबईला आले; १९६४ मध्ये लुई आर्मस्ट्राँगही येऊन गेले.

५. मुंबई, जयपूर, सिमला

या वातावरणात अमान्सिओ डिसिल्व्हा वाढले. हॉटेलांतून आणि बँडमधून वाजवत ते हिंदुस्थानभर फिरले. नोकरीतला वादक असला म्हणजे जेवणाऱ्यांना ऐकू येईल पण बोलण्यात अडथळा येणार नाही असे वाजवायचे, फर्माइशीची गाणी वाजवायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचे काही करायचे. सिमल्यात त्यांची जॉइस या आयरिश युवतीशी ओळख झाली आणि पुढे दोघांचे लग्न झाले.

त्या काळी चांगले विजेचे गिटार मिळवणे हीच मोठी अडचण होती. परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवरचे निर्बंध यामुळे अमेरिकन वाद्य सामान्य वादकाच्या आवाक्यात नव्हते. जयपूरच्या महाराणींना डिसिल्व्हांचे वादन आवडले आणि त्यांनी गिब्सन गिटार घेऊन दिले. (महाराणी गायत्रीदेवींच्या मातोश्री इंदिराराजे या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या, संगीताला आश्रय देणे हे त्या घराला नवे नव्हते.) ज्या काळात संस्थाने विलीन होऊन गेली होती, त्या काळात एका जॅझ वादकाला राजाश्रयातून वाद्य मिळावे, हे मजेशीरच. त्यांच्या रचनांमध्ये 'जयपूर' आणि 'महाराणी' ही नावे आली ती या ऋणातून, असे समजायला हरकत नाही.

१९६७ मध्ये डिसिल्व्हा लंडनला गेले.

६. पडद्यांमधली जागा

लंडनच्या गोष्टीआधी त्यांच्या हातातल्या वाद्याकडे नीट पाहायला हवे, कारण डिसिल्व्हांचे वेगळेपण तिथे आहे.

गिटारच्या मानेवर धातूचे आडवे पडदे ठोकलेले असतात. पाचवी तार मोकळी छेडली की सेकंदाला ११० कंपने होतात. पहिल्या पडद्यावर दाबली तर सुमारे ११६.५, दुसऱ्यावर सुमारे १२३.५ आणि असे करत बाराव्या पडद्यावर बरोबर दुप्पट, २२०. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या साधारण १.०६ पट. सगळ्या पायऱ्या सारख्या असल्याने कोणत्याही पडद्यापासून सुरुवात केली तरी कॉर्ड सारखेच लागतात. सरकत्या जमिनीच्या संगीताला हे सोयीचे. पण ११० आणि ११६.५ यांच्या मधे काही नाही. आपल्याकडे तर गाणे बरेचसे मधल्या जागेतच घडते. दरबारीतला आंदोलित गंधार या पडद्यांवर कुठेच बसत नाही.

मग काय करायचे? तार पडद्यावर दाबून आडवी ओढायची. ओढल्याने तिच्यावरचा ताण वाढतो, ताण वाढला की स्वर चढतो. सतारीचे पडदे उंच आणि वक्र असतात, म्हणून तिच्यावर एका पडद्यावरून चार-पाच स्वरांपर्यंत मींड काढता येते. गिटारची मान सपाट आणि तारा घट्ट. तिथे एक-दीड स्वर गेला तरी खूप. शिवाय ओढून स्वर फक्त चढतो. उतरती मींड हवी असेल तर तार आधीच गुपचूप ओढून ठेवायची, मग छेडायची आणि हळूहळू सोडायची. श्रोत्याला वरून खाली येणारा सूर ऐकू येतो; वादकाने मात्र तो न वाजवताच कुठे असेल हे बोटाने अजमावलेले असते. अमेरिकेतल्या ब्लूज वादकांनी तार ओढण्याची ही रीत स्वतंत्रपणे शोधली होती, त्यामुळे ती जॅझला परकी नव्हती. तरी जॅझ गिटारवाले जाड तारा लावत आणि ओढण्याच्या फंदात फारसे पडत नसत. डिसिल्व्हांच्या वादनात तार ओढणे, बोट सरकवत नेणे आणि एका स्वराभोवती घुटमळणे हे सजावटीपुरते येत नाही, बोलण्याच्या ओघात येते.

दुसरी गोष्ट मोकळ्या तारांची. गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. पाचव्या तारेचा ए हा षड्ज मानला, तर सहावी तार मंद्र पंचम देते, चौथी मध्यम, तिसरी कोमल निषाद, दुसरी ऋषभ आणि पहिली पुन्हा पंचम. सहाच्या सहा तारा काफी थाटात बसतात! खालच्या दोन तारा मोकळ्या सोडून झंकारत ठेवल्या की प-सा असा तंबोरा घुमू लागतो आणि वरच्या तारांवर आलापी करता येते. तंबोरा, वाद्य आणि साथीचे कॉर्ड अशी तीन कामे दोन हातांत येतात. हे गणित गिटारच्या लावणीतच दडलेले आहे, पण ते वापरायचे सुचायला कान तसा घडलेला लागतो.

७. 'इंटिग्रेशन' आणि 'हम दोनो'

साठच्या दशकात लंडनमध्ये भारतीय संगीत आणि जॅझ यांची जोड घालण्याचे प्रयोग आधीच सुरू झाले होते. कोलकात्यात जन्मलेले व्हायोलिनवादक आणि संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी १९६६ साली 'इंडो-जॅझ स्वीट' प्रसिद्ध केले आणि पुढे 'इंडो-जॅझ फ्यूजन्स' हे मंडळ काढले. त्याची रचना दुहेरी होती : पाच जॅझ वादक एका बाजूला, सतार, तबला, तंबोरा वगैरे घेऊन भारतीय बाजूचे पाच दुसऱ्या बाजूला. मेयर पक्के लिहिणारे संगीतकार, त्यामुळे कुणी केव्हा शिरायचे हे कागदावर. हे काम महत्त्वाचे आहे, परंतु ऐकताना दोन्ही पंगती आपापल्या जागी बसून राहतात. सतारीचा तुकडा झाला, आता सॅक्सोफोनचा. सांधा दिसत राहतो.

या तबकड्यांमागचे निर्माते डेनिस प्रेस्टन. लंडनच्या हॉलंड पार्क भागातल्या लान्सडाउन स्टुडिओत ते स्वतःच्या जबाबदारीवर ध्वनिमुद्रण करत आणि तयार फिती मोठ्या कंपन्यांना वापरायला देत. त्यामुळे कंपनीच्या विक्री विभागाने कधी होकार दिला नसता अशा गोष्टी त्यांच्याकडे होऊ शकल्या. डिसिल्व्हांना त्यांनी १९६९ साली पहिली तबकडी करू दिली. नाव 'इंटिग्रेशन'. सोबत डॉन रेंडेल (सॅक्सोफोन), इयन कार (ट्रम्पेट), डेव्ह ग्रीन (बास) आणि ट्रेव्हर टॉमकिन्स (ड्रम) हे त्या काळच्या ब्रिटिश जॅझमधले अव्वल वादक. रचना डिसिल्व्हांच्या : 'गँजेस', 'जयपूर', 'महाराणी' आणि पत्नीच्या नावाची आठवण ठेवणारी 'जॉइस कंट्री'.

त्याच वर्षी 'हम दोनो' आली. त्या दोघांतले दुसरे अर्थात जो हॅरियट. साथीला इयन कार, गायिका नॉर्मा विन्स्टन, डेव्ह ग्रीन आणि ड्रमवर ब्रायन स्प्रिंग. या यादीत काय नाही ते पाहावे : सतार नाही, तबला नाही, तंबोरा नाही. साठच्या दशकात बीटल्सपासून सगळेजण भारतीयपणा दाखवायला सतार हाती घेत होते, त्या हंगामात ही तबकडी एकही भारतीय वाद्य न वापरता निघाली. तरी मेयरांच्या दुहेरी मंडळापेक्षा तिच्यात दोन संगीते जास्त एकजीव झालेली ऐकू येतात. कारण उघड आहे : भेट दोन वाद्यमेळांची नव्हती, ती एकाच माणसाच्या डाव्या हातात झालेली होती.

'स्टेफानोज डान्स' ही मुलाच्या नावाची रचना त्यातली पहिली. विन्स्टन यांनी काही ठिकाणी शब्दांशिवाय, आपल्याकडे आकारात गातात तसे, गायले आहे आणि त्यांचा आवाज इयन कार यांच्या शिंगासारख्या मऊ वाद्याला मिसळून जातो. 'बॅलड फॉर गोवा' संथ आहे. तिच्यात सॅक्सोफोन आणि गिटार एकमेकांचे बोलणे पुरे होऊ देतात. हॅरियट यांनी १९६०च्या सुमारास कॉर्डचा आणि ठरीव फेऱ्याचा आधार टाकून 'फ्री फॉर्म' नावाची धाडसी तबकडी केली होती. त्यांना मोकळ्या जमिनीवर चालण्याची सवय होती. डिसिल्व्हा षड्ज धरून ठेवतात आणि हॅरियट त्यावरून लांबवर जाऊन येतात. 'जयपूर' ही रचना दोन्ही तबकड्यांवर आहे, तेव्हा तीच चाल दोन मंडळांत कशी बदलते हे शेजारी-शेजारी ठेवून ऐकता येते. सुचेल तसे वाजवणे म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा सापडणे अवघड.

जॉन मॅक्लाफ्लिन, एल. शंकर आणि झाकिर हुसेन यांचे 'शक्ती' हे मंडळ १९७५ च्या सुमारास आले. फ्यूजन म्हटले की लोकांना तेच आठवते आणि ते योग्यही आहे, कारण त्या मंडळाची तयारी आणि झेप मोठी होती. पण गिटारवर ही दोन संगीते एकजीव करण्याचे काम त्याच्या सहा वर्षे आधी एका मुंबईकराने बरेच पुढे नेलेले होते.

८. केशव साठे आणि सत्तरचे दशक

यानंतर १९७१ मध्ये 'रिफ्लेक्शन्स' आली. ती सौम्य, रमणीय गिटारची तबकडी. 'हम दोनो'च्या मानाने फिकी. १९७२ मध्ये 'कॉस्मिक आय' या नावाने जमलेल्या मंडळाने 'ड्रीम सीक्वेन्स' केली. त्यात जॉन मेयर व्हायोलिनवर, विराम जसानी सतारीवर आणि केशव साठे तबल्यावर होते.

साठ्यांबद्दल चार ओळी जास्त लिहायला हव्यात. १९२८ साली मुंबईत जन्मलेले हे तबलजी १९५६ मध्ये लंडनला गेले. मेयर-हॅरियट यांच्या मंडळात ते होते. १९६७ मध्ये स्विस पियानोवादक इरेन श्वाइझर यांच्या त्रयीबरोबर जर्मनीत झालेल्या 'जॅझ मीट्स इंडिया' या ध्वनिमुद्रणात सतारवादक दिवाण मोतिहार यांच्याबरोबर त्यांचा तबला आहे. पुढे इंग्रजी लोकसंगीत वाजवणाऱ्या जॉन रेनबर्न यांच्या मंडळातही ते बसले. इंग्रजी लोकगीताला तबल्याची साथ हे आज ऐकतानाही चमत्कारिक वाटत नाही, याचे श्रेय त्यांच्या संयमाला आहे. ताल चौदाचा असो वा सात मात्रांचा, ते आधी गाणाऱ्याला जागा देतात, मग आपली बोटे दाखवतात. परदेशात राहून मिश्र संगीतात एवढे काम केलेला हा मराठी वादक २०१२ साली वारला.

डिसिल्व्हा आणि साठे पुन्हा एकत्र आले ते 'कोकण डान्स'साठी. डॉन रेंडेल आणि सतारवादक क्लेम अल्फर्ड हेही त्यात होते. इथे सतार आणि तबला आहेत, पण आता गिटारने आपली जागा ठरवलेली असल्याने ते तिच्याभोवती जमतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रित झालेली ही फीत तेव्हा बाजारात आलीच नाही. रॉकच्या लाटेत ब्रिटिश कंपन्यांनी जॅझवरचा खर्च आखडता घेतला होता. जो हॅरियट जानेवारी १९७३ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले; अखेरच्या काळात त्यांना धड कामही मिळत नव्हते. डिसिल्व्हांनी लंडनमध्ये शिकवण्याचे काम धरले. मोठ्या कंपनीच्या शिक्क्याने त्यांची नवी तबकडी पुन्हा निघाली नाही.

इकडे मुंबईत निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ साली 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला आणि परदेशी वादकांबरोबर सॅक्सोफोनवाले ब्राझ गोन्साल्विस, पियानोवाले लुई बँक्स यांना मोठे व्यासपीठ मिळाले. जॅझ गिटारची निष्ठा भारतात राहून शेवटपर्यंत सांभाळली ती कोलकात्याच्या कार्लटन किटो यांनी. ते २०१६ साली गेले. डिसिल्व्हा या साऱ्यापासून दूर, लंडनमध्ये राहिले.

त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००६ साली, 'कोकण डान्स' अखेर प्रसिद्ध झाली. 'हम दोनो' आणि 'इंटिग्रेशन'च्या मूळ प्रती संग्राहकांत चढ्या भावाने विकल्या जाऊ लागल्या आणि नव्या आवृत्त्याही निघाल्या. आज हे संगीत इंटरनेटवर सहज मिळते. नव्याने ऐकणाऱ्याने आधी 'इंटिग्रेशन'मधली 'जयपूर' लावावी, कारण तिची चाल लगेच पकडता येते. मग 'हम दोनो'मधली. दुसऱ्यांदा ऐकताना सॅक्सोफोन सोडून फक्त गिटारच्या खालच्या तारांकडे कान लावावा. षड्ज तिथे आहे.